मसुद्यातला मुद्दा क्रमांक दोन: आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२६

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी रात्री मंडळाच्या ग्रुपवर दोन पानांची पीडीएफ आली. सोबत एकच ओळ होती: "रविवार १८ पर्यंत कुणाची हरकत आली नाही तर लेटरहेडवर पाठवतो." त्याखाली पंधरा-वीस अंगठे पडले. मग कुणीतरी विचारलं, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणायच्या की कापडी पिशव्या, आणि पीडीएफ वर सरकून गेली. वाट्यांवर चाळीस मेसेज झाले, पीडीएफवर एकही नाही. मी ग्रुपवरच लिहिलं असतं तर तेही वाट्यांखाली गेलं असतं. म्हणून हे उघड पत्र.

मसुदा आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना, कोरी बुकर आणि अँडी किम यांना आहे. पहिल्या मुद्द्यात आपण म्हणतो की ग्रीन कार्डावरची देशवार मर्यादा (एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत) काढा, त्या विधेयकाची वर्षानुवर्षं चाललेली अडवणूक थांबवा. दुसऱ्या मुद्द्यात म्हणतो की डायव्हर्सिटीच्या, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना संधी देण्याच्या, नावाखाली चालणारे सगळे कार्यक्रम कायदा करून कायमचे बंद करा, आणि तो कायदा साठ मतांच्या नियमाआड (सिनेटमध्ये चर्चा बंद करून मतदान घ्यायला साठ मतं लागतात) लपून रोखू नका. आणि अगदी वर, मायन्यानंतर लगेच, हे वाक्य आहे: "आम्ही कोणत्याही सवलतीशिवाय, केवळ गुणवत्तेच्या बळावर या देशात आलो आणि स्थिरावलो."

पहिल्या मुद्द्याखाली माझी सही आजच घ्या. दुसऱ्या मुद्द्याला आणि त्या वाक्याला माझी हरकत आहे, ती ही लेखी.

वाक्यापासूनच सुरू करते, कारण 'आम्ही' म्हटल्यावर त्यात मीही आले. १९९७ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो मुलींसाठी राखून ठेवलेल्या ३० टक्के जागांमधून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मुलाला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त होते. त्याला सिव्हिल मिळालं, मला कॉम्प्युटर. त्याच्या आईने पुढे वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. भाजी आणायला निघाले की दार लावून घ्यायच्या. त्या सात मार्कांबद्दल मी लग्नात कुणाला सांगितलं नाही, इथे आल्यावर तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. मंडळातल्या माझ्या वयाच्या किती इंजिनिअर बायकांचा प्रवेश त्याच यादीतून झाला, हे शनिवारी वाण देताना एकमेकींना विचारून बघू या. खुल्या यादीत पहिली आलेली असेलही कुणी. तिला दोन वाट्या जास्त.

२००४ मध्ये मी एच-फोरवर, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, इथे आले. एच-फोर म्हणजे काय ते या ग्रुपला सांगायला नको. डिग्री बॅगेत, नोकरी करायची नाही, स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही. अकरा वर्षं मी लेकीचे डबे, लायब्ररीतली स्टोरी टाइम आणि इथल्या गणपतीची रांगोळी यात काढली. २०१५ च्या मे महिन्यात एच-फोरवरच्या बायकांना कामाची परवानगी मिळाली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत एका टप्प्यापर्यंत पोचलं होतं अशांनाच. हे काँग्रेसने केलेलं नाही. काँग्रेसमध्ये तर घोडं अडलेलंच होतं. ओबामा सरकारच्या खात्याने नियम बदलला म्हणून झालं.

कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आलं, पण अकरा वर्षांची फट असलेला रेझ्युमे कोण उघडतं? मी चाळीसएक ठिकाणी अर्ज केले. उत्तरं आली ती यंत्राने लिहिलेली. शेवटी २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीत, घरी बसलेल्या बायकांना परत कामावर आणण्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम होता, त्यात घेतलं. पहिल्या आठवड्यात माझ्याशेजारी एक काळी बाई बसायची, तिने आजारी आईसाठी सहा वर्षं नोकरी सोडली होती. पलीकडे एक निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची बायको. बारा आठवड्यांनी आम्हा तिघींनाही ऑफर लेटर मिळालं. कार्यक्रमाचे पैसे डायव्हर्सिटीच्या बजेटातून येत होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते मार्च २०२५ मध्ये, वेबसाइटवरून तो कार्यक्रमच गायब झाला तेव्हा.

मग सांगा, 'कोणत्याही सवलतीशिवाय' हे शब्द माझ्या नावाने कसे पाठवू? मला काम येत नव्हतं असं नाही. दहा वर्षं तिथेच टिकून आहे, दोन लेऑफमधून वाचले आहे. पण काम येत असलेल्या माणसाला दारापर्यंत पोचता यावं लागतं, आणि माझ्यासाठी ते दार दोनदा कुणीतरी किलकिलं करून ठेवलं होतं.

ही झाली माझी गोष्ट. आता आपल्या सगळ्यांची.

१९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला इथल्या सुप्रीम कोर्टात गेला. अमृतसरजवळचा शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्या काळी नागरिकत्व गोऱ्यांना मिळे, किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांना. त्यांच्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव वाचून आपलाच वाटतो, पण जन्म अहमदाबादचा. कोर्टापुढे मांडणी काय होती? की हा माणूस उच्चवर्णीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोराच धरा. वरच्या जातीचे लोक खालच्यांशी सोयरीक करत नाहीत, रक्त शुद्ध ठेवतात, हाही युक्तिवाद त्यात होता. कोर्टाने एकमताने सांगितलं, नाही. आणि मग ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालेलं होतं अशा कितीतरी हिंदी लोकांचंही ते काढून घेण्याची मोहीम निघाली. खुद्द पंडितांवरही खटला झाला. ते मात्र लढून जिंकले.

पुढे १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला कोटा मिळाला १०० माणसांचा. शंभर! आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला याच्या तिप्पट लोक येतात.

हा आकडा बदलला तो १९६५ मध्ये. पण त्याच्या आधीचं वर्ष महत्त्वाचं आहे, आणि मसुदा लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. १९६४ चं नागरी हक्क विधेयक हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, फेब्रुवारीत मंजूर झालं आणि सिनेटमध्ये जाऊन अडकलं. दक्षिणेतल्या सिनेटरांनी फिलिबस्टर लावला, म्हणजे बोलत राहायचं, मतदानच होऊ द्यायचं नाही. सिनेटच्या कामकाजाचे ६० दिवस त्यात गेले. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड शेवटच्या रात्री चौदा तासांहून जास्त बोलत उभे होते. हे अडवणारे बहुतेक सगळे डेमोक्रॅट होते, हे आपल्यातल्या डेमोक्रॅटांनी विसरू नये; आणि रिपब्लिकनांची सत्तावीस मतं पडली नसती तर चर्चा बंदच झाली नसती, हे आपल्यातल्या रिपब्लिकनांनी अभिमानाने सांगावं, कारण हल्ली ते सांगत नाहीत.

१० जून १९६४ ला चर्चा बंद करण्यासाठी मतदान झालं. तेव्हा ६७ मतं लागत. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या ट्यूमरने आजारी होते, त्यांना व्हीलचेअरवरून सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं. वाचा गेलेली. त्यांनी कसाबसा हात उचलला आणि बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळ्याचा आणि होकाराचा उच्चार एकच. कारकुनाने 'होय' लिहून घेतलं. ७१ विरुद्ध २९. महिना-दीड महिन्यात एंगल गेले.

त्या कायद्यात वंश आणि रंगाबरोबर 'राष्ट्रीय मूळ' हे शब्द आहेत. ऑफिसात तुमच्या बोलण्याचा हेल ऐकून कुणी बढती नाकारली तर तुम्ही तक्रार करता ती या शब्दांच्या आधारावर. वर्षभराने, त्याच लाटेत, २४ सप्टेंबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला: सरकारी कंत्राट हवं असेल तर कंपनीने भेदभाव करायचा नाही, एवढंच नाही, तर सगळ्यांना संधी मिळेल यासाठी पावलं उचलायची. अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन म्हणतात त्याचा हा पाया. आणि नऊ दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी बसून त्याच जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. राष्ट्रावर आधारलेला जुना कोटा गेला, भारतातून डॉक्टर, इंजिनिअर येऊ लागले. आपले ते ज्येष्ठ काका, जे दर गुढीपाडव्याला आठ डॉलर खिशात घेऊन उतरल्याची गोष्ट सांगतात, ते या सहीमुळे उतरले.

म्हणजे १९२३ मध्ये आपण वरच्या पंगतीत जाऊन बसायचा प्रयत्न केला आणि पानावरून उठवले गेलो. १९६५ मध्ये ज्यांनी ती पंगतच मोडली त्यांच्या कष्टाने आपल्याला पान मिळालं. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला, त्यात आपल्यापैकी कुणी नव्हतं.

नऊ दिवसांच्या अंतरातल्या त्या दोन सह्यांपैकी पहिली २१ जानेवारी २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी रद्द केली. त्या संध्याकाळी आपल्या ग्रुपवर "गुणवत्तेचा विजय" असा मेसेज पडला होता, पेढ्यांच्या चित्रासकट. मेसेज टाकणाऱ्यांचं नाव घेत नाही, माझे चांगले स्नेही आहेत. त्याच स्नेह्यांनी ऑक्टोबरमध्ये वैतागून विचारलं की यंदा कंपनीत दिवाळीचं जेवण का नाही. जेवण नाही, कारण ते जेवण देणारा दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांचा गट डायव्हर्सिटी विभागाखाली होता आणि तो विभाग एप्रिलमध्ये बंद झाला. पनीर टिक्क्याचे ट्रे कुठल्या खात्यातून येतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. (ढोकळा तसाही गार असायचा.)

आणखी एक. 'आम्ही सवलत मागितली नाही' हेही खरं नाही. १९७० च्या जनगणनेत इथल्या भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली होती. तेव्हाच्या भारतीय संघटनांनी धडपड करून १९८० च्या जनगणनेत वेगळा रकाना मिळवला. आणि १९८२ मध्ये लघुउद्योग खात्याकडे अर्ज करून भारतीय उपखंडातल्या लोकांना 'सामाजिकदृष्ट्या वंचित' गटात घालून घेतलं, म्हणजे सरकारी कंत्राटांत राखीव वाटा मिळावा. त्या अर्जावर त्या वेळीही भारतीयांतच मतभेद होते, काहींना तो लाजिरवाणा वाटला. पण यादीत आपण गेलो आणि चाळीस वर्षं राहिलो. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देणाऱ्या एक-दोन आयटी कंपन्या त्या यादीतूनच उभ्या राहिल्या. त्यांच्या मालकांनीच मला कौतुकाने सांगितलं आहे. मसुद्यावरच्या अंगठ्यांत त्यांचाही अंगठा आहे.

आता अडवणुकीबद्दल, कारण मसुद्याचा सगळा जोर त्यावर आहे.

अडवणूक म्हणजे काय हे आमच्या घराला शिकवावं लागत नाही. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, जून २०११. १० जुलै २०१९ ला देशवार मर्यादा काढणारं विधेयक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, तेव्हा आमच्याकडे श्रीखंड आणलं होतं. सिनेटमध्ये ते मांडणारे दोघं होते युटाचे माइक ली आणि कॅलिफोर्नियाच्या कमला हॅरिस. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. आता काय अडणार? तर सर्वानुमते मंजूर करायचं म्हटलं की एका सिनेटरने 'हरकत आहे' म्हणणं पुरतं. आधी रँड पॉल यांनी नर्सांच्या व्हिसाचं काय म्हणून अडवलं, मग डेव्हिड पर्ड्यू, मग इलिनॉयचे डिक डर्बिन. त्यांचं म्हणणं, आधी एकूण व्हिसांची संख्या वाढवा. नवरा रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर सिनेटचं कामकाज लावून बसायचा. ओस पडलेलं सभागृह, एक माणूस उभा, तीन वाक्यं, हरकत, संपलं. लेक तेव्हा बारा वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, हे आपल्याबद्दल बोलतायत का?" तो म्हणाला, "हो, पण त्यांना माहीत नाही."

२ डिसेंबर २०२० ला सिनेटने ते एकदाचं मंजूर केलं, पण इतके बदल करून की हाउसशी मेळ बसेना. ३ जानेवारीला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. आमची तारीख २०२२ मध्ये आपसूक आली. माझ्या धाकट्या दिराची २०१५ ची आहे, तो अजून दर महिन्याला, रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन उघडून बसतो.

म्हणून पहिल्या मुद्द्यावर सही. पण मसुद्यात त्या एका माणसाच्या 'हरकत आहे'ला अन्याय म्हटलं आहे आणि दुसऱ्या मुद्द्यात साठ मतांच्या नियमालाच दगा म्हटलं आहे. मग गेल्या वर्षभरात आपल्या हक्काचं काय काय टिकलं ते कशामुळे, याचा विचार झाला का? रिपब्लिकनांकडे सिनेटमध्ये ५३ जागा आहेत. साठचा नियम नसता तर इमिग्रेशनबद्दल मनात येईल ते विधेयक साध्या बहुमताने निघालं असतं. सर्वपित्रीच्या आधीचा शुक्रवार आठवतो ना? १९ सप्टेंबर. अध्यक्ष ट्रम्प यांचं फर्मान: नव्या एच-वन-बी (कुशल नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जाला एक लाख डॉलर, अंमल रविवारी मध्यरात्रीपासून. कुणाला लागू, कुणाला नाही, दीड दिवस कळेना. आपल्याच एका कुटुंबाने मुंबई विमानतळावर आजीच्या वर्षश्राद्धाला जायचं सोडून परतीचं तिकीट काढलं. त्या फर्मानात कारण काय दिलं होतं तेही वाचा: एच-वन-बीवाल्यांना स्वस्तात आणून अमेरिकन माणसांना बाजूला सारतात. ज्यांच्या दारात आपण 'केवळ गुणवत्ता' म्हणून उभे राहतो आहोत, त्यांच्या हिशेबी आपली गुणवत्ता ही अशी आहे. आणि ते फर्मान होतं, बारा महिन्यांचं. कायदा असता तर?

साठचा नियम पवित्र आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच नियमाने, तेव्हा तो सदुसष्टचा होता, १९६४ मध्ये माणसांना माणूस म्हणायला अडीच महिने थांबवलं. आणि आता तर उभं राहून बोलण्याचेही कष्ट नाहीत. साठ मतं नाहीत एवढं कळलं की विधेयक फडताळात. आपले बुकर गेल्या वर्षी ३१ मार्चला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी रात्री बसले, पंचवीस तासांहून जास्त. १९५७ चा स्ट्रॉम थर्मंड यांचा, नागरी हक्कांना विरोध करतानाचा चोवीस तासांचा विक्रम एका काळ्या सिनेटरने मोडला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगायचं तर त्या भाषणाने एकही विधेयक अडलं नाही. आणि खरी अडवणूक झाली ती ऑक्टोबरात, डेमोक्रॅटांनी आरोग्य विम्याच्या सवलतींसाठी खर्चाचं विधेयक रोखलं तेव्हा. ४३ दिवस सरकार बंद. मेरीलंडमधल्या माझ्या मावसबहिणीच्या घरी लक्ष्मीपूजनाला पगार नव्हता. ती डेमोक्रॅटांना मत देते, आणि त्या दिवशी फोनवर तिने त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. ३० जानेवारीला पुन्हा तशीच तारीख आहे.

म्हणजे अडवणूक हे हत्यार दोघांचं. आपण कुणाचीच बाजू न घेता 'आमचं अडवू नका, त्यांचं अडवलेलं सोडा' एवढंच म्हणतो आहोत, आणि दोन्ही वेळा तत्त्वाचं नाव घेतो आहोत.

माझ्या विरोधातलंही लिहिते, नाहीतर शनिवारी तुम्ही लिहालच. हार्वर्डच्या प्रवेशांवरच्या खटल्यात जे बाहेर आलं त्याने मीही चिडले होते. अभ्यासात, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांत वर असलेल्या आशियाई मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण मात्र कमी. ही कुठली मोजपट्टी? माझी मुलगी शांत आहे, म्हणजे तिला व्यक्तिमत्त्व नाही? प्रवेशात वंश पाहायला बंदी घालणाऱ्या जून २०२३ च्या निकालाच्या दिवशी ग्रुपवर जल्लोष झाला तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाही थोडं बरं वाटलं होतं. मग पहिल्या वर्षाचे आकडे आले. एमआयटीत आशियाई मुलं ४० टक्क्यांवरून ४७ वर गेली आणि काळी मुलं १५ वरून ५ वर आली. येलमध्ये मात्र आशियाई ३० वरून २४. जल्लोष करणाऱ्यांना येलचं कोडं अजून सुटलेलं नाही. मलाही नाही.

ऑफिसातली ती डायव्हर्सिटीची ऑनलाइन ट्रेनिंगं, तीन चित्रं दाखवून 'यातलं योग्य वर्तन कोणतं' विचारणारी, ती गेली याचंही मला दुःख नाही. आवाज बंद करून भाजी निवडत मी ती पूर्ण केली आहेत.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न देशवार मर्यादेचाच आहे. एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त व्हिसा नाहीत, याचं समर्थन इथे डायव्हर्सिटीच्याच नावाने होतं. मसुदा लिहिणाऱ्याचा खरा राग इथून आलेला आहे हे मला समजतं. पण सगळ्यांत गंमत कुठे आहे बघा. १९९० च्या ज्या कायद्याने डायव्हर्सिटी लॉटरी (कमी लोक येतात अशा देशांसाठी व्हिसांची सोडत) आणली, त्यातच सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी एक तात्पुरती योजना होती, आणि तिच्यात ४० टक्के व्हिसा राखून ठेवले होते एकट्या आयर्लंडसाठी. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या आयर्लंडसाठी. डायव्हर्सिटी हा शब्द ज्याच्या हाती पडतो तो त्यातून आपलं काढून घेतो. सात टक्क्यांचं छत माणसाला कुठे जन्मलास एवढंच विचारतं आणि वीस वर्षं थांबवतं. माझ्या बारा आठवड्यांच्या कार्यक्रमाने विचारलं होतं, काय येतं, आणि इतके दिवस का थांबलीस. दोन्हींना एका शब्दाखाली घालून एकाच कायद्याने जाळायचं म्हणता, त्याला माझा विरोध आहे.

जातीबद्दल आपल्या मंडळात बोलायची पद्धत नाही, म्हणून थोडक्यात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाला स्पष्ट बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं, आताचे कायदे पुरेसे आहेत म्हणून. तेव्हाही ग्रुपवर अंगठे आले होते. आणि पुढच्या १४ एप्रिलला आपण कोलंबिया विद्यापीठातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरचे फोटो टाकले. बाबासाहेब १९१३ साली तिथे आले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्ती काय होती, असं आपल्या मसुद्यातल्या व्याख्येप्रमाणे कुणी सांगेल का? शाहू महाराजांची घोड्यांची गोष्ट मी इथे सांगत नाही. शिवजयंतीच्या कार्यक्रमात आपल्या मुलांकडून ती आपणच बसवून घेतो.

तर माझी मागणी. दुसरा मुद्दा आणि ते पहिलं वाक्य काढा, उरलेलं पत्र जसंच्या तसं पाठवा. ते मान्य नसेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. घटनेप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते, अंगठ्यांनी ठराव होत नाही. तेही नको असेल तर पत्र वैयक्तिक सह्यांनी जाऊ द्या, मंडळाचं लेटरहेड नको. मंडळ करमाफ संस्था आहे, त्याच्या नावावर काय लिहावं आणि किती, हे खजिनदारांनी एकदा हिशेबनिसाला विचारलेलं बरं.

मला या देशात अजून मत नाही. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पुढच्या वर्षी होतील. तोवर माझं मत चालतं ते फक्त या मंडळात, आजीव सभासद क्रमांक वगैरे तुमच्याकडे आहेच.

शनिवारी दुपारी तीनला हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मी मसुद्याच्या दहा प्रती छापून आणते आहे, दुसऱ्या मुद्द्यावर पेन्सिलीने रेघ मारलेल्या. वाट्यांचे खोके उतरवायला मात्र दोन माणसं लवकर पाठवा.

कळावे,

मंडळाची एक आजीव सभासद